माझं पेटंट कुठल्या रकान्यात गेलं? लघुउद्योगांच्या पेटंटमोजणीबाबत खुले पत्र

प्रति,
महानियंत्रक, पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क;
सचिव, उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभाग;
सचिव, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय

महोदय,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप चालवतो. अकरा माणसं, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं), चार लेथ आणि मागच्या शेडमध्ये फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचं काम. वसाहतीतल्या फौंड्र्यांमधून कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, येतं, ते आम्ही घासून, मशीनिंग करून पुढे देतो. वडील पॅटर्नमेकर होते, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना घडवणारे. लाकडी पॅटर्नच्या भुश्शात मी वाढलो, आणि या धंद्यात मला आता तीस वर्षं होतील.

काही दिवसांपूर्वी एका सरकारी बैठकीला आम्हा पंधरा-वीस उद्योजकांना बोलावलं होतं. कोणत्या कार्यालयाची बैठक होती ते इथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार तिथल्या माणसांबद्दल नाही. आमच्या भागात लहान कारखान्यांना पेटंटचा मसुदा करून देणारं, नकाशे काढून देणारं एक मदत केंद्र व्हावं असा प्रस्ताव होता. त्यासाठी आम्ही दोन वर्षं पाठपुरावा करत होतो. बैठकीत पडद्यावर एक तक्ता आला. 'सूक्ष्म व लघु उद्योगांची पेटंट' असा त्यातला एक रकाना होता आणि आमच्या भागापुढे एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतका आकडा होता. शेजारी शेरा होता: नगण्य. त्या शेऱ्यावर प्रस्ताव बाजूला पडला. 'मागणीच नाही तर केंद्र कशाला?' असं कारण सांगण्यात आलं.

मी उठून विचारलं, 'या आकड्यात माझं पेटंट आहे का?' बैठकीनंतर एका तरुण अधिकाऱ्याने लॅपटॉपवर शोधून दिलं. पेटंट सापडलं. पण ते उद्योगांच्या रकान्यात नव्हतं. ते 'नैसर्गिक व्यक्ती' या श्रेणीत होतं. माझ्याबरोबर त्या खोलीत बसलेल्या आणखी चौघांची तीच गत निघाली.

हे पत्र त्यासाठी लिहितो आहे. आपण ज्या पद्धतीने आम्हाला मोजता, त्या पद्धतीत आम्ही दिसत नाही. आणि न दिसल्यामुळे आम्हाला जे मिळायला हवं ते नाकारलं जातं.

आधी माझं पेटंट काय आहे ते सांगतो. कास्टिंग साच्यातून निघालं की रनर-रायझर (लोखंड ओतायच्या वाटांत उरलेला भाग) तोडतात, मग कडेला राहिलेला जादा लोखंडाचा भाग ग्राइंडरने घासावा लागतो. वेगवेगळ्या मापांची हाउसिंग (यंत्राची बाहेरची कवचं) असली की प्रत्येकासाठी वेगळं फिक्श्चर, म्हणजे काम करताना भाग घट्ट धरणारं साधन, परवडत नाही. मग माणूस काय करतो, तर कास्टिंग जमिनीवर ठेवतो आणि बुटाच्या पायाने दाबून धरतो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, कुठल्याही फेटलिंग शेडमध्ये जा, हे दिसेल. आमच्याकडच्या एका फिटरमामांचा अंगठा असाच गेला. ते बरे होऊन कामावर आले त्या दिवशी म्हणाले, 'मालक, ह्ये असं पायानं दाबून किती दिस चालायचं?' पुढची दीड वर्षं आम्ही दोघं रविवारी शॉपमध्ये बसलो आणि जबडे न बदलता लहानमोठी हाउसिंग धरणारं, एका पायट्यावर चालणारं फिक्श्चर बनवलं. 2017 साली अर्ज केला. 2022 साली पेटंट मिळालं. शोधकर्ते म्हणून मामांचं आणि माझं, दोघांचीही नावं आहेत. अर्जदार मात्र मी एकटा.

अर्जदार म्हणून कारखान्याचं नाव का नाही? कारण माझा कारखाना मालकी फर्म आहे. कायद्याच्या दृष्टीने मालकी फर्म म्हणजे मालकच. तिला वेगळं अस्तित्व नाही. अर्ज करून देणाऱ्या पेटंट एजंटांनी अर्जाचा पहिला नमुना (फॉर्म 1) भरताना अर्जदाराच्या श्रेणीत 'नैसर्गिक व्यक्ती' या चौकटीत खूण केली. 'लहान संस्था' आणि 'स्टार्टअप' या चौकटी त्याखाली, 'नैसर्गिक व्यक्ती व्यतिरिक्त' या भागात येतात. म्हणजे मी व्यक्ती आहे असं म्हटलं की मी उद्योग असण्याचा पर्याय तिथेच संपतो. ज्या शेडमध्ये ते फिक्श्चर जन्मलं, ज्या माणसांनी ते वापरून पाहिलं, ज्या जॉबवर्कच्या पैशातून फी भरली, त्याची नोंद त्या कागदावर कुठेही नाही.

हा एकट्याचा प्रश्न असता तर मी आपला वेळ घेतला नसता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 73व्या फेरीत, म्हणजे 2015-16 मध्ये, देशात 633.88 लाख सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग असल्याचा अंदाज आला. त्यांतले 608.41 लाख मालकी फर्म होते. सुमारे 96 टक्के! हा आकडा मंत्रालय स्वतःच आपल्या वार्षिक अहवालात देत आलं आहे. एकीकडे सरकार म्हणतं, लहान उद्योग म्हणजे बहुतांशी मालकी फर्म. दुसरीकडे पेटंटच्या नमुन्यात मालकी फर्मला उद्योग म्हणून नोंदवायची जागा नाही. या दोन कागदांची एकमेकांशी गाठ घातली गेलेली नाही. मग 'लहान उद्योग पेटंट घेत नाहीत' हा निष्कर्ष कोणत्या मोजणीवर उभा आहे?

आता फीचा मुद्दा. तो समजल्याशिवाय कंपन्यासुद्धा का दिसत नाहीत ते कळत नाही.

2014 मध्ये नियमांत 'लहान संस्था' ही श्रेणी आली. हेतू चांगला होता, लहान उद्योगांना फी कमी. पण त्या वेळी ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला 1,600 रुपये, लहान संस्थेला 4,000 आणि मोठ्यांना 8,000 अशी होती. परीक्षणाच्या, म्हणजे कार्यालयाने अर्ज तपासावा या, विनंतीसाठी व्यक्तीला 4,000, लहान संस्थेला 10,000, मोठ्यांना 20,000. दोन भागीदारांचा किंवा तीन संचालकांचा कारखाना असला तर कोणताही समजूतदार एजंट काय सांगणार? 'संचालकांच्या वैयक्तिक नावाने करा, स्वस्त पडतं, आणि उद्योगाच्या नोंदणीचा पुरावा जोडायचा 28 क्रमांकाचा नमुनाही भरावा लागत नाही.' आमच्या वसाहतीत तसंच झालं. शेजारच्या फौंड्रीने कोअर (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) सुकवण्याच्या ट्रॉलीवर घेतलेलं पेटंट तीन भावांच्या नावावर आहे. फौंड्री खाजगी मर्यादित कंपनी आहे, ट्रॉली कंपनीत चालते, खर्च कंपनीच्या वहीत आहे. पेटंट मात्र तीन 'व्यक्तीं'चं.

नोव्हेंबर 2020 मध्ये आपण लहान संस्थेची फी व्यक्तीइतकीच केली. हा निर्णय स्वागतार्ह होता आणि आम्ही तेव्हा त्याबद्दल आनंद व्यक्त केला होता, आजही करतो. पण मोजणीच्या दृष्टीने त्याचा परिणाम कुणी पाहिला नाही. आता दोन्हीकडे 1,600 रुपयेच पडत असतील, तर लहान संस्था म्हणून स्वतःला सिद्ध करायचा जादा कागद कुणी का भरावा? व्यक्तीच्या नावाने अर्ज केला की पुरावा लागत नाही. 2020 आधी फीचा फरक आम्हाला उद्योगाच्या रकान्यातून बाहेर ढकलत होता. आता कागदपत्रांचा कंटाळा ते काम करतो. एकदा व्यक्तीच्या नावावर पेटंट गेलं की ते कंपनीकडे आणायला हस्तांतरणाचा दस्त, मुद्रांक, पुन्हा नोंदणी, पुन्हा एजंटांची फी. त्यामुळे ते तिथेच राहतं.

म्हणून माझी पहिली तक्रार अशी की फी ठरवण्यासाठी केलेली श्रेणी ही उद्योगांचं योगदान मोजण्याची पट्टी म्हणून वापरली जाते. ती त्यासाठी बनलेलीच नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती वर्षावर्षांची तुलना बिघडवते. 'लहान संस्था' कोण, हे नियमांत 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातल्या मध्यम उद्योगाच्या गुंतवणूक मर्यादेवरून ठरतं. ही मर्यादा उत्पादन उद्योगासाठी आधी 10 कोटी रुपये होती. 1 जुलै 2020 पासून ती 50 कोटी झाली. 1 एप्रिल 2025 पासून 125 कोटी झाली. म्हणजे यंत्रांत शंभर कोटी गुंतवलेला जो कारखाना मार्च 2025 मध्ये मोठा होता, तो एप्रिलमध्ये लहान संस्था म्हणून अर्ज करू शकतो. मर्यादा वाढवण्याला माझा विरोध नाही. भाव वाढले, यंत्रं महागली. पण उद्या 2025-26 चा तक्ता येईल, त्यात लहान संस्थांचे अर्ज वाढलेले दिसतील, आणि कुणीतरी व्यासपीठावरून सांगेल की लघुउद्योगांत नवसंशोधनाची लाट आली. त्या वाढीत अकरा माणसांच्या शेडचा वाटा किती आणि व्याख्येच्या उडीचा किती, हे त्या आकड्यातून कुणालाच सांगता येणार नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम अशी फोड करून, जुन्या मर्यादेनेही आणि नव्या मर्यादेनेही आकडे दिले, तरच सांगता येईल.

याच श्रेणीत परदेशी अर्जदारही येऊ शकतात. बाहेरच्या देशातली कंपनी गुंतवणूक मर्यादेत बसते असं कागदोपत्री दाखवू शकली, तर तिलाही लहान संस्थेची सवलत आहे. ते योग्यच आहे. पण मग 'लहान संस्था' हा एकूण आकडा भारतातल्या लघुउद्योगांचा म्हणून वाचता येत नाही. देशी आणि परदेशी वेगळे दाखवायला हवेत.

तिसरा मुद्दा आम्हा पुरवठादारांच्या जिव्हाळ्याचा आहे. वाहन उद्योगासाठी कास्टिंग करणाऱ्या कुठल्याही कारखान्यात ड्रॉइंग वरून येतं. ग्राहक कंपनी ड्रॉइंग देते, आम्ही पीस देतो. पण ड्रॉइंगप्रमाणे पीस निघत नाही तेव्हा काय होतं? कुठे ब्लोहोल (हवेची भोकं) येतात, कुठे भिंत पातळ पडते, रिजेक्शन वाढतं. मग आमच्याकडचा पॅटर्नमेकर कोअरची जागा बदलतो, रायझर हलवतो, कुठे एक रिब वाढवून पाहतो आणि ग्राहकाला सांगतो, 'साहेब, असं केलं तर निघतंय.' ड्रॉइंगला नवा क्रमांक पडतो. काही वेळा, सगळ्या वेळा नव्हे, त्या बदलाचं पुढे पेटंट होतं. ते ग्राहकाच्या नावावर जातं, आणि शोधकर्त्यांच्या यादीतही आमच्या माणसाचं नाव नसतं. माझ्या ओळखीतल्या एका पॅटर्नमेकरने आपली सूचना तीन वर्षांनी छापील पेटंटात वाचली. त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. असं अनेक ठिकाणी घडतं, आणि तिथेही कुणी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. कुणी विचारलंच नाही.

पेटंट कायद्यात खरा आणि पहिला शोधकर्ता ही कल्पना आहे, पेटंटात शोधकर्त्याचं नाव नोंदवण्याची तरतूदही आहे. पण शोधकर्ता कुठे कामाला होता, हे नमुन्यात कुठेच विचारलं जात नाही. नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व अशीच माहिती मागतात. शोधकर्ता ज्या उद्योगात कामाला आहे त्याची नोंद झाली, तर मोठ्या कंपनीच्या पेटंटांत लहान पुरवठादारांचा किती हात आहे हे प्रथमच दिसेल. आज ते शून्य दिसतं. तसंच, लहान उद्योग मोठ्या कंपनीबरोबर संयुक्त अर्जदार झाला तर फी मोठ्यांच्या दराने भरावी लागते आणि अर्ज मोठ्यांच्याच श्रेणीत बसतो. तिथेही लहान भागीदार नाहीसा होतो.

चौथं, भागाकार. कुणी मोठ्या अभिमानाने, कुणी खेदाने सांगतं की कोट्यवधी लघुउद्योग आणि पेटंट एवढीच? पण त्याच 73व्या फेरीचे आकडे पाहा. 633.88 लाखांपैकी व्यापारात 230.35 लाख, इतर सेवांत 206.85 लाख, उत्पादनात 196.65 लाख. किराणा दुकान, सलून, चहाची गाडी, रिक्षा, सगळे त्यात आहेत. त्यांचा मान कमी नाही. पण पेटंटच्या हिशेबात किराणा दुकानदाराला छेदस्थानी ठेवून भागाकार केला तर उत्तर नगण्यच येणार. फौंड्री, मशीन शॉप, पंप, झडपा, शेतीची अवजारं, औषधं, रसायनं, इलेक्ट्रॉनिक्स, यांचे छेद वेगळे काढा. कोल्हापूरच्या फौंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग आणि गारमेंट, पिंपरी-भोसरीची मशीन शॉप, नाशिकचे अंबड-सातपूर, वाळूजचे पुरवठादार, असे भाग पाडून बघा. मग कुठे खरोखर काही होत नाही आणि कुठे होतं पण नोंदत नाही, हा फरक कळेल. धोरणाला तो फरकच हवा असतो.

पाचवं. आलेले अर्ज मोजणं सोपं आहे, म्हणून तेच मोजले जातात. 2022-23 मध्ये देशात 82,811 पेटंट अर्ज आले, पुढच्या वर्षी ते 92 हजारांच्या पुढे गेले. मार्च 2023 ते मार्च 2024 या वर्षात कार्यालयाने एक लाखाहून अधिक पेटंट दिली. हे काम मोठं आहे. तपासणी अधिकाऱ्यांनी मागे पडलेला ढीग उपसला आणि आमच्यासारख्यांची पेटंट त्यामुळे हाती आली, त्याबद्दल मनापासून आभार. पण या मोठ्या आकड्यांत लहान माणूस कुठे गळतो, ते कुणी पाहतं का?

मी सांगतो कुठे गळतो. पहिल्या परीक्षण अहवालापाशी. अहवाल येतो, त्यात आधीचे चार परदेशी दस्तऐवज उद्धृत केलेले असतात, कलम 3(फ) चा आक्षेप असतो: माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी बदलली आहे. आमच्यासारख्या फिक्श्चरवाल्यांना हा आक्षेप जवळजवळ ठरलेला. उत्तर द्यायला सहा महिने, मुदतवाढ मागितली तर आणखी तीन. उत्तराचा मसुदा करायचा तर एजंटांची फी सरकारी फीच्या कितीतरी पट. त्या महिन्यात ग्राहकाचं पेमेंट अडकलेलं असलं की फाइल कपाटात जाते आणि अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. माझ्याही अर्जाचं तसंच व्हायचं होतं. पत्नीने भिशी उचलली म्हणून उत्तर गेलं. उद्योगांच्या पेटंट खर्चाची परतफेड करणारी मंत्रालयाची योजना आहे, भारतीय पेटंटला एक लाख रुपयांपर्यंत. पण पैसे पेटंट मिळाल्यावर मिळतात. गळती त्याच्या आधी होते. किती लहान अर्जदार परीक्षणाची विनंतीच करत नाहीत, किती अहवालाला उत्तर देत नाहीत, किती सुनावणीपर्यंत पोचतात, हे टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध झालं तर मदत केंद्राची 'मागणी' किती हे त्याच आकड्यांतून समजेल.

आणि पेटंट मिळाल्यावर ते किती दिवस जिवंत ठेवलं, हे तर माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक माप आहे. तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत आम्हाला वर्षाला 800 रुपये नूतनीकरण फी, सातव्यापासून दहाव्यापर्यंत 2,400, पुढे 4,800 आणि शेवटी 8,000. ज्याचं फिक्श्चर कामाचं आहे तोच आठव्या-नवव्या वर्षी पैसे भरतो. मी भरतो. कारण ते फिक्श्चर आज आमच्याशिवाय आणखी सहा फेटलिंग शेडमध्ये चालतं आणि त्या शेडमध्ये पायाने कास्टिंग दाबत नाहीत. नूतनीकरणाची प्रत्येक फी आपल्याच खात्यात जमा होते. सातव्या वर्षी लहान उद्योगांची किती पेटंट जिवंत आहेत आणि इतरांची किती, हे काढायला नवी पाहणी लागत नाही, संगणकावरची एक जोडणी लागते.

जे मोजलं जातं तिकडे सगळे धावतात, हे विद्यापीठांनी दाखवून दिलं आहे. राष्ट्रीय क्रमवारीत प्रसिद्ध झालेली आणि मिळालेली पेटंट मोजली जातात; 2021 मध्ये शिक्षणसंस्थांना फीत 80 टक्के सवलत मिळाली; आणि अर्ज करणाऱ्यांत शिक्षणसंस्थांचा आकडा झपाट्याने वाढला. त्यांत चांगलं काम करणारे प्राध्यापक आहेत, मी स्वतः एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चाचण्या करून घेतल्या आहेत. पण त्यांची मोजणी स्पष्ट आहे, म्हणून त्यांना पुढचं धोरण मिळतं. स्टार्टअपना स्वतंत्र श्रेणी आहे, मान्यता क्रमांक आहे, अर्ज करून द्यायला सरकारी खर्चाने साहाय्यक आहेत. तीस वर्षं चालू असलेलं मशीन शॉप स्टार्टअप नाही, विद्यापीठ नाही, आणि कागदावर उद्योगही नाही.

एक बाजूची गोष्ट, पण सांगायला हवी. जर्मनी, चीन, जपान या देशांत लहान सुधारणांसाठी कमी मुदतीचा, सोप्या तपासणीचा उपयोगिता प्रतिरूप नावाचा हक्क आहे. आपल्याकडे 2011 मध्ये सरकारने त्यावर चर्चापत्र काढलं होतं. पुढे काही झालं नाही. तो हक्क आणावा की नाही यावर मतभेद आहेत आणि माझंही मत पक्कं नाही. मोठ्या कंपन्या त्याचं कुंपण घालून आम्हालाच बाहेर ठेवतील अशी भीती वाटते. पण तो नसल्यामुळे आमच्या अनेक सुधारणा कोणत्याच नोंदीत येत नाहीत, एवढं तरी मोजणी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

हे सगळं मोजणं अवघड आहे असं उत्तर येईल. अवघड आहे, अशक्य नाही. युरोपीय पेटंट कार्यालय दरवर्षी सांगतं: 2023 मध्ये युरोपातून आलेल्या अर्जांपैकी 23 टक्के अर्ज एकटे संशोधक आणि 250 पेक्षा कमी माणसांचे उद्योग यांचे होते. लक्षात घ्या, एकटा संशोधक आणि लहान उद्योग त्यांनी एकत्र धरले. माझ्या मते ही दोन माणसं बहुधा एकच असतात. अमेरिकेत जनगणना विभागाने पेटंटधारकांची नावं उद्योगांच्या नोंदींशी जोडून कोणत्या आकाराच्या कंपन्या पेटंट घेतात ते पाहिलं. आपल्याकडे तर उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. जुलै 2020 पासून ती आधार, पॅन आणि जीएसटीशी जोडलेली आहे. माझा उद्यम क्रमांक आहे, त्यावर माझं पॅन आहे, आणि मालकी फर्म असल्यामुळे ते पॅन माझं स्वतःचंच आहे. म्हणजे ज्याला आपण 'नैसर्गिक व्यक्ती' म्हणता तो उद्योग आहे हे सरकारच्या दुसऱ्या संगणकाला आधीच माहीत आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

पहिल्या नमुन्यात व्यक्ती म्हणून अर्ज करणाऱ्यालाही एक प्रश्न विचारा: हा शोध तुमच्या मालकीच्या, भागीदारीच्या किंवा संचालकपदाच्या उद्योगातून आला आहे का? असल्यास उद्यम क्रमांक द्यावा. प्रश्न ऐच्छिक असू द्या, फीशी त्याचा संबंध नसावा, पुरावा मागू नका. ही एक ओळ आहे.

शोधकर्त्याच्या नोंदीत तो काम करत असलेल्या उद्योगाचं नाव घ्या.

वार्षिक अहवालात सूक्ष्म, लघु, मध्यम आणि उद्योगाशी जोडलेल्या व्यक्ती असे वेगळे आकडे द्या, देशी-परदेशी वेगळे, जिल्हानिहाय आणि तंत्रक्षेत्रनिहाय, आणि प्रत्येक श्रेणीत आलेले, परीक्षणाला गेलेले, सोडून दिलेले, मिळालेले, सातव्या वर्षी जिवंत असलेले. 2014, 2020 आणि 2025 या वर्षांपाशी व्याख्या किंवा फी बदलली अशी ठळक टीप त्या तक्त्याखालीच हवी.

जुनी पेटंट उद्यम आणि कंपनी नोंदींशी जुळवून पाहा. लोकांची वैयक्तिक माहिती बाहेर येता कामा नये, फक्त बेरजा प्रसिद्ध करा. देशभर एकदम जमणार नसेल तर एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. तो जिल्हा कोल्हापूर असावा अशी माझी विनंती आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि शहरातलं उद्यमनगर एवढ्या चार ठिकाणी कारखान्या-कारखान्यात जाऊन कुणाच्या नावावर काय आहे ते विचारायची आमची तयारी आहे. आम्ही काही जणांनी आपापली पेटंट क्रमांकासह एका वहीत लिहायला सुरुवात केली आहे. पहिल्या दोन रविवारांत त्या वहीत बैठकीच्या पडद्यावर होता त्यापेक्षा जास्त नोंदी झाल्या, आणि अजून आम्ही शिरोलीबाहेर पडलेलो नाही.

आणि शेवटची मागणी, जी सगळ्यांत तातडीची आहे: ही मोजणी दुरुस्त होईपर्यंत 'लघुउद्योगांची पेटंट नगण्य' या आधारावर कोणतीही योजना, केंद्र किंवा अनुदान नाकारू नका. आधी नाकारलं असेल तर तो कागद पुन्हा उघडा.

फिटरमामा येत्या दिवाळीला निवृत्त होतात. पेटंटचं प्रमाणपत्र त्यांनी घरी देवघराशेजारी लावलं आहे. परवा त्यांनी विचारलं, 'मालक, आपलं पेटंट सरकारात धरलंय न्हवं?' मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक मशीन शॉपवाला
शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर